कामाला तुमचे, कागदावर परके : कुपवाडच्या कारखानदारांना खुले पत्र

कुपवाड औद्योगिक वसाहतीतील सर्व कारखानदार बंधू-भगिनींस,
स. न. वि. वि.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. गेली बावीस वर्षं मी वसाहतीतल्या छोट्या-मध्यम कारखान्यांचे हिशेब लिहिते. पगारपत्रक, फंडाचं (प्रॉव्हिडंट फंडाचं) चलन, ई.एस.आय. (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), टीडीएस, सगळं. पंधरा तारीख जवळ आली की तुमच्या ऑफिसात येणारा पहिला फोन माझा असतो. तुमच्या मोबाईलमध्ये माझं नाव ‘अकाउंटवाल्या मॅडम’ एवढंच आहे. आजवर जे सांगायचं ते केबिनमध्ये बसून, दार लावून सांगत आले. या वेळी उघड लिहिते आहे, कारण केबिनमध्ये सांगून झालं आणि त्याचा उपयोग झाला नाही.

गेल्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाकडून फाईल आली. निरोप असा : पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर चौदा प्रती काढा, आणि पुढच्या महिन्यापासून या चौदा जणांची नावं फंडातून आणि ई.एस.आय.तून वगळा. फाईलचं नाव होतं ‘स्वतंत्र सेवा पुरवठादार करारनामा’. वाचायला म्हणून मी एक प्रत साध्या कागदावर काढली. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की सदर व्यक्ती कंपनीची नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक आहे, तिला कामगार म्हणून कोणताही हक्क राहणार नाही. त्याच पानावर, खाली : सकाळी आठला अंगठा लावून हजर राहावे. मोबाईल गेटवर जमा करावा. महिन्यात तीनदा उशीर झाल्यास अर्ध्या दिवसाचे पैसे कापले जातील. सुपरवायझर सांगेल त्या मशिनवर काम करावे. दुसरीकडे काम केल्यास करार रद्द समजावा.

पान पुन्हा वरून वाचलं. वरच्या परिच्छेदातला स्वतंत्र माणूस खालच्या पाच ओळींत कुठेच सापडत नव्हता.

त्या चौदांपैकी काहींची नावं मी दहा-दहा वर्षं पगारपत्रकात लिहीत आले आहे. एकाचं लग्न, दुसऱ्याच्या मुलीचं बारसं, फंडातून काढलेला ॲडव्हान्स कशासाठी होता, हेही मला ठाऊक आहे. त्यांच्यातला बुधगावचा एक ऑपरेटर कागद घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, “मॅडम, ठेकेदार म्हणजे माझ्याकडं माणसं पाहिजेत की. माझ्याकडं मीच हाय.”

मी ते करार छापायला नकार दिला. ते काम आणि ते गिऱ्हाईक दोन्ही गेलं. पण पत्र त्यासाठी नाही. हा एकच कारखाना असता तर मी गप्प बसले असते. तोच नमुना, त्याच चुकलेल्या स्पेलिंगसकट, नंतर आणखी तीन ठिकाणांहून माझ्याकडे आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्या. पगारातले भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, असा त्यात नियम आहे. त्यामुळे फंड, ग्रॅच्युइटी वाढेल या धास्तीने कुणीतरी ही पळवाट मोबाईलवरून वसाहतभर फिरवली आहे.

पळवाट तरी आहे का ती? तुमच्यापैकी एकाने मला फोनवर विचारलं, “मॅडम, मग ठेकेदार म्हणायचं तरी कुणाला?” प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देते.

मला म्हणा. मी तुमची ठेकेदार आहे. माझा संगणक माझा, टॅलीचं लायसन माझं, ऑफिसचं भाडं मी भरते. मी अकरा जणांचे हिशेब लिहिते, उद्या बारावा आला तर तुम्हाला विचारणार नाही. कधी यायचं ते मी ठरवते, आजारी पडले तर माझी मुलगी किंवा मदतनीस काम पुरं करते. फी मी सांगते, तुम्ही घासाघीस करता. काम चुकलं तर दंड मी सोसते. आणि एखादं काम पटलं नाही तर नाही म्हणू शकते, जसं आता म्हटलं.

फाउंड्रीला लाकडी पॅटर्न करून देणारे आपले मिस्त्रीही ठेकेदारच. स्वतःचं दुकान, स्वतःची रंधा-करवत, तीन फाउंड्र्यांची कामं एका वेळी हातात. गणपतीत गावी गेले की आठ दिवस फोन उचलत नाहीत, आणि तुम्ही थांबता. जॉबवर्कवाला लेथवाला, स्वतःचा टेम्पो असलेला चालक, वर्षातून चारदा येऊन कॉम्प्रेसर बघणारा माणूस, हे सगळे त्याच माळेतले. त्यांना नोकर करा असं मी म्हणत नाही. त्यांना ते नकोही आहे.

आता तुमच्या प्रेसवरचा माणूस बघा. प्रेस तुमची, डाय तुमची, पत्रा तुमचा. तासाला किती नग पडले पाहिजेत ते तुम्ही ठरवता. चहाला किती मिनिटं तेही. त्याने त्याच्या जागी भावाला पाठवलं तर गेटवरचा वॉचमन आत सोडणार नाही. ऑर्डर बुडाली तर तोटा तुमचा, फायदा झाला तर तोही तुमचा. त्याच्या हातात महिनाअखेरीला ठरलेली रक्कम. तो पीस-रेटवर असला तरी फरक पडत नाही. अशा माणसाला आपल्या भाषेत कामगार म्हणतात.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सौराष्ट्रातल्या मिठागरांचा खटला आला होता. तिथले अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारे लोक, मिठाच्या वजनावर पैसे घेत, कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरीपट नव्हता, मदतीला स्वतःची माणसंही लावू शकत. कंपनी म्हणाली, हे ठेकेदार. न्यायालयाने पाहिलं की काम काय करायचं एवढंच नाही तर ते कसं करायचं यावरही कंपनीची देखरेख आहे, आणि त्यांना कामगार ठरवलं. १९७३ मध्ये एका टेलरिंग हाउसचा निकाल आला. शिंपी नगावर पैसे घेत, कधी कापड घरी नेत, दुसऱ्या दुकानाचं काम करायलाही मोकळे होते. पण दुकान मालकाचं, शिलाई मशिनं मालकाची, आणि शिवण पसंत नसेल तर उसवून पुन्हा शिवायला लावायचा अधिकार मालकाचा. तेही नोकर ठरले. तुमच्या प्रेसवाल्यापेक्षा ते शिंपी कितीतरी मोकळे होते. मग स्टॅम्पपेपरवरचा तुमचा पहिला परिच्छेद टिकेल असं कशाच्या बळावर वाटतं?

नव्या संहितेतल्या ‘गिग वर्कर’ या शब्दाचा आधारही काही जण घेत आहेत. ती व्याख्या पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणाऱ्यांची आहे. आठ ते पाच तुमच्या शेडमध्ये उभा असणारा माणूस त्या नात्याच्या अगदी मधोमध उभा आहे.

आता माझ्या तक्रारी. पहिली सांगताना माझाही हात त्यात आहे, हे आधी कबूल करते.

२०२१ च्या जुलैत कृष्णेला पूर आला, त्यानंतर दीड-दोन महिन्यांतली गोष्ट. वसाहतीतल्या एका शेडमध्ये सोळा माणसं कामाला होती, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नऊ. दहा झाली की ई.एस.आय. लागतं, म्हणून नऊ. उरलेल्या सात जणांना दर महिन्याला ‘लेबर चार्जेस’ म्हणून व्हाउचरवर पैसे दिले जात. ती व्हाउचरं मी लिहीत होते. ठेकेदार म्हणून एक टक्का टीडीएसही मीच कापत होते. त्या सातांतल्या एकाची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. दवाखान्याच्या बिलाचा विषय निघाला तेव्हा माझंच व्हाउचर पुढे करण्यात आलं : हा आमचा कामगार नाही, ठेकेदार आहे.

पंधरा दिवसांनी त्याची बायको माझ्या ऑफिसात आली. रेक्झिनच्या पिशवीत तिने सगळी व्हाउचरं जपून आणली होती, प्रत्येकावर रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावरून गेलेली त्याची सही. एकेक करून तिने ती टेबलावर मांडली. म्हणाली, “हे अक्षर तुमचंच न्हवं?” मी हो म्हटलं. ती भांडली नाही. पिशवी पुन्हा भरली आणि गेली. बिल भागवायला त्यांनी दुभती गाय विकली, हे मला नंतर कळलं.

त्या माणसाचा पगार तेव्हा तेरा हजार होता. ई.एस.आय.चा मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे महिन्याला ४२२ रुपये ५० पैसे. कामगाराचा पाऊण टक्का, ९७ रुपये ५० पैसे. एवढ्यात उपचार झाले असते, आणि कामावर जखम झाल्यास कामाच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. घरी बसावं लागलं तेवढे दिवस पगाराच्या सुमारे नव्वद टक्के रक्कम मिळाली असती. बोटं गेल्याच्या कायमच्या अपंगत्वाचाही लाभ होता. शेडमध्ये सोळा जण होते म्हणजे कायद्याने त्याला हे मिळायलाच हवं होतं. कागदावर नाव काहीही असो, तू कामगार आहेस, दाद माग, हे तेव्हा मी त्या बाईला सांगायला हवं होतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण गिऱ्हाईक जाईल. आज तो एका लग्नाच्या हॉलवर वॉचमन आहे. पेन तो आता अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात धरतो.

दुसरी तक्रार म्हातारपणाची. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मालकही बुडाले होते, पण फंड बुडाला नाही. त्या पैशांवर आम्ही डोक्यावर छप्पर केलं. म्हणूनच सांगली-मिरजेत आजही मुलगी देताना विचारतात, नोकरी कुठे आहे याच्या आधी : फंड कापतात का? पंधरा हजारांवर बारा टक्के म्हणजे अठराशे कामगाराचे, अठराशे तुमचे. नऊ वर्षांत दोन्ही मिळून तीन लाख ८८ हजार ८०० रुपये, व्याज वेगळं. नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी, वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे, आणखी ७७ हजार ८८५. शिवाय बोनस, भरपगारी रजा, दुप्पट दराचा ओव्हरटाइम. एका सहीने हे सगळं जातं, आणि सही करणाऱ्याला ती करताना ‘तुझा इन हँड वाढेल’ एवढंच सांगितलं जातं. दोन ठिकाणी तर तेवढाही वाढवलेला नाही.

बँकेचं एका वाक्यात : पगाराची स्लिप नाही, फॉर्म १६ नाही, म्हणून घरकर्ज नाही.

तिसरी तक्रार तुमच्यातल्याच काही मालकांच्या वतीने करते. या वसाहतीत असे कारखानदार आहेत ज्यांनी मोठ्या कंपनीचं पेमेंट चार महिने अडकलेलं असताना बायकोचे दागिने गहाण ठेवून सात तारखेला पगार केला. फंडाचं चलन एकदाही चुकवलं नाही. त्यांचा रेट नगामागे चाळीस पैशांनी जास्त येतो आणि ऑर्डर शेजारच्या शेडला जाते, जिथे मस्टर नऊवर किंवा एकोणीसवर थांबलेलं असतं, कारण वीस झाली की फंड लागतो. पॉवर, इन्सर्ट, कूलंट, भाडं सगळं धरून तुम्ही रेट काढता. माणसाचा फंड तेवढा रेटमध्ये बसत नाही, असं कसं?

आणि चौथी माझ्या व्यवसायबंधूंबद्दल. हे नमुने आकाशातून पडत नाहीत. आपल्यापैकीच कुणीतरी ते टाइप करतं, फी घेतं, आणि चौकशी आली की ‘पार्टीने सांगितलं तसं केलं’ म्हणून मोकळं होतं. मीही तेच केलं होतं. म्हणून हे बोलायचा अधिकार मला आहे असं मानते.

तुम्हाला कायद्याची भीती घालायला मी बसलेली नाही, पण हिशेबनीस म्हणून धोका सांगणं माझं काम आहे. फंडाचा कायदा एकदा लागू झाला की माणसं विसाच्या खाली आली तरी सुटत नाही. ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही त्यात तुमचाच धरला जातो. चौकशीत चौदा जण कामगार ठरले तर मागचे सगळे हप्ते, वर व्याज आणि दंड. कामगाराचा वाटाही मागाहून त्याच्या पगारातून कापता येत नाही. दोन्ही वाटे तुमच्या खिशातून. महिन्याला माणशी अठराशे वाचवायला निघालेला मालक छत्तीसशेच्या खड्ड्यात उतरतो, आणि त्याला तिथे उतरवणारा सल्लागार तोवर फोन बदलून बसलेला असतो.

एक गोष्ट मला फार लागते, ती इथेच सांगते. आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल घ्या. त्याला खरोखरच एक मालक नाही. सकाळी या अडत्याकडे, दुपारी त्या व्यापाऱ्याकडे. कामगार की स्वतंत्र, हा प्रश्न त्याच्या बाबतीत खरंच अवघड होता. त्या प्रश्नावर याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. शेजारच्या साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्यासोबत मुंबईत पाठीवर ओझी वाहणारी माणसं त्यासाठी झगडली. व्यापारी माथाडी मंडळात नोंदवायचा, हमाल मंडळात नोंदवायचा, व्यापाऱ्याने मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, भरायची, आणि मंडळ त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस देणार. मालक कोण हे सांगता येत नव्हतं तिथेसुद्धा जबाबदारी कुणाची ते ठरवलं गेलं. तुमच्या शेडमध्ये तर मालक कोण हे गेटवरच्या पाटीवर लिहिलेलं आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ज्यांनी असे करार करून घेतले आहेत त्यांनी ते रद्द करावेत, आणि तसं कामगारांना लेखी कळवावं. ज्यांनी अजून केलेले नाहीत त्यांनी तो नमुना मोबाईलमधून काढून टाकावा.

शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्या. नव्या संहितेने ते बंधनकारकच केलं आहे. पद, पगार, रुजू झाल्याची तारीख. आणि तारीख खरी लिहा, जुन्या माणसाला नव्याने रुजू दाखवू नका. वगळलेली नावं फंडात आणि ई.एस.आय.मध्ये परत घ्या, मधल्या महिन्यांच्या हप्त्यांसकट.

मस्टरवर तेवढीच माणसं दाखवा जेवढी चहाच्या वेळी मोजून भरतात.

ऑर्डर चार-सहा महिन्यांचीच असेल, कायम माणूस परवडत नसेल, तर मुदतीच्या नोकरीचा मार्ग कायद्याने उघडा ठेवला आहे. त्या मुदतीत त्याला कायम कामगाराइतकेच लाभ द्यायचे आणि वर्ष भरलं की त्याची ग्रॅच्युइटी लागू होते. मुदत संपली की नातं रीतसर संपतं. यात लपवण्यासारखं काही नाही, मग लपवायचं कशाला?

आणि जो खरा ठेकेदार आहे त्याला खरा ठेकेदार राहू द्या. त्याचा रेट कागदावर लिहा, बिलं वेळेवर द्या, अंगठा लावायला सांगू नका, दुसऱ्याचं काम घेतलं म्हणून रुसू नका. आपले पॅटर्नवाले मिस्त्री यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी मला दुवा देतील.

वसाहतीतल्या हिशेबनीसांना आणि कर सल्लागारांना माझी वेगळी विनंती : पगार देत असाल तर पगार म्हणून लिहा. ज्याला आठला हजर राहावं लागतं त्याचं व्हाउचर ‘लेबर चार्जेस’खाली टाकू नका. आपण दहा जणांनी एकाच महिन्यात नाही म्हटलं तर हा प्रकार इथेच थांबेल. एकट्याने म्हटलं तर गिऱ्हाईक जातं, ते मी पाहिलं.

ज्या मालकांना हे दुरुस्त करायचं आहे पण कुठून सुरुवात करावी कळत नाही, त्यांच्यासाठी मी येत्या तीन महिन्यांत दर शनिवारी दुपारी चार ते सात माझ्या ऑफिसात बसणार आहे. मस्टर, व्हाउचरं आणि झालेले करार घेऊन या. नियुक्तीपत्रांचे मसुदे आणि फंडाची राहिलेली कामं मी फी न घेता करून देईन. कामगारांपैकी कुणाला आपला कागद वाचून समजून घ्यायचा असेल तर त्यांनीही यावं, मालकाच्या परवानगीची गरज नाही.

त्या चौदा जणांच्या मालकांनाही हे निमंत्रण आहे. तुमची फाईल मी पुसलेली नाही. पुढची चलनाची पंधरा तारीख यायला अजून अठरा दिवस आहेत.

आपली,
अकाउंटवाल्या मॅडम
सांगली